दोन जर्सींचा गोलंदाज

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळानं "इतिहासावर काहीतरी द्या" असा फोन केला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. इतिहास म्हटलं की आपल्या मंडळात पानिपत, पेशवाई आणि गडकिल्ले यांची आधीच गर्दी असते, आणि ती मंडळी अभ्यास करून लिहितात. मी पडलो डेटाबेसवाला माणूस. जुने कागद म्हणून मी आयुष्यात मन लावून काही वाचलं असेल तर ती स्कोअरकार्डं. मग वाटलं, स्कोअरकार्ड हाही ऐतिहासिक कागदच आहे की! कोण आलं, कोण गेलं, कुणामुळे गेलं, सगळं लिहिलेलं असतं. आणि मोडी शिकावी लागत नाही.

तर हा लेख सौरभ नेत्रावळकरवर आहे. आपल्यापैकी अनेकांना हे नाव जून २०२४ मध्ये कळलं. "तो ओरॅकलमधला" अशीच त्याची ओळख आपल्याकडे झाली, कारण बे एरियात माणसाची ओळख आधी कंपनीवरून होते आणि मग गावावरून. आडनावावरून मला गोव्यातलं सांगे तालुक्यातलं नेत्रावळी आठवतं, पण हा पठ्ठ्या मुंबईचा. जन्म १६ ऑक्टोबर १९९१. डावखुरा मध्यमगती गोलंदाज. भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून विश्वचषक खेळला आणि पुढे अमेरिकेच्या संघाचा कप्तान झाला.

आता आमच्या शनिवारच्या टेनिस बॉल ग्रुपात एक जाणकार आहेत, त्यांनी लगेच हरकत घेतली. "अंडर-१९ म्हणजे काही देशाचा संघ नव्हे. दोन देशांकडून खेळलेले खरे खेळाडू वेगळे." हरकत रास्त आहे, म्हणून त्या खऱ्यांकडे आधी जाऊन येतो. माझ्या मते त्यांच्याशिवाय नेत्रावळकरची गोष्ट पुरती कळत नाही.

१९४६ च्या जूनमधली लॉर्ड्सची कसोटी घ्या. महायुद्धानंतर भारतीय संघ इंग्लंडला गेला होता. त्या अकरा जणांत मर्चंट होते, मंकड होते, अमरनाथ होते, सांगलीचे विजय हजारे होते, यष्टीमागे दत्ताराम हिंदळेकर आणि लेगस्पिनसाठी सदू शिंदे होते. कप्तान होते इफ्तिखार अली खान, म्हणजे थोरले नवाब पतौडी. ते याआधी इंग्लंडकडून तीन कसोटी खेळून चुकले होते. १९३२ च्या डिसेंबरमध्ये सिडनीला, त्या बदनाम 'बॉडीलाइन' मालिकेत, त्यांनी इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत १०२ धावा केल्या. पुढच्याच कसोटीनंतर संघातून बाहेर. जार्डिनच्या लेगसाइडच्या सापळ्यात उभं राहायला त्यांनी नकार दिला होता, हे कारण आजवर सांगितलं जातं. चौदा वर्षांनी तेच पतौडी इंग्लंडविरुद्ध भारताचे कप्तान म्हणून नाणेफेकीला उतरले.

त्याच अकरांत आणखी दोन नावं पाहा. अब्दुल हफीझ आणि गुल महंमद. हफीझ म्हणजेच पुढचे अब्दुल हफीझ कारदार, पाकिस्तानच्या कसोटी संघाचे पहिले कप्तान. आणि गुल महंमद भारताकडून आठ कसोटी खेळले आणि १९५६ मध्ये कराचीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक कसोटी पाकिस्तानकडून. म्हणजे लॉर्ड्सच्या त्या एका स्कोअरकार्डावर दोन देशांचे तीन खेळाडू आहेत, आणि त्यातल्या दोघांचा दुसरा देश तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता!

गुल महंमद यांचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. मार्च १९४७, बडोदे, रणजी करंडकाचा अंतिम सामना. बडोद्याविरुद्ध कर्नल सी. के. नायडूंचं होळकर. चौथ्या विकेटसाठी हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कुठल्याही विकेटसाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. बडोद्याच्याच त्या संघात अमीर इलाही होते. तेही भारताकडून एक कसोटी खेळून नंतर पाकिस्तानकडून पाच खेळले. फाळणीला तेव्हा पाच महिने उरले होते. ही मंडळी दोन देशांकडून खेळली, कारण त्यांच्या पायाखालून सीमा सरकली. पतौडींचं प्रकरण वेगळं. ते साम्राज्याच्या दोन्ही टोकांना घर असलेले संस्थानिक.

नेत्रावळकरच्या बाबतीत यातलं काहीच नाही. तो आपल्यासारखाच आय-२० फॉर्म घेऊन, दोन बॅगा घेऊन आला.

आता त्याची गोष्ट. जानेवारी २०१० मध्ये न्यूझीलंडला एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक झाला. भारताचा कप्तान अशोक मनेरिया, बरोबर के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट, हर्षल पटेल. इंग्लंडच्या संघात ज्यो रूट, बेन स्टोक्स, जोस बटलर. स्टोक्सनं तर भारताविरुद्ध शतक ठोकलं. स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक, म्हणजे नऊ बळी नेत्रावळकरनं घेतले. उपांत्यपूर्व फेरीत पावसामुळे २३ षटकांवर आलेला सामना भारत पाकिस्तानकडून दोन विकेटनी हरला. त्या पाकिस्तानी संघात पंधरा वर्षांचा बाबर आझम होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं चालू असताना हा मुलगा अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करत होता. मुंबई विद्यापीठाची सेमिस्टर, सबमिशन्स, व्हायवा आणि त्यातून क्रिकेट म्हणजे काय, ते ज्यांनी जर्नल पूर्ण करण्यासाठी रात्री जागवल्यात त्यांना सांगायला नको. २०१३ मध्ये पदवी हातात आल्यावर त्यानं क्रिकेटला पूर्ण वेळ द्यायचं ठरवलं. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईकडून रणजी सामना खेळायला मिळाला. एक. पुढचा नाही.

इथे थोडं थांबतो, कारण मुंबईच्या क्रिकेटबाहेरच्या माणसाला हा 'एक' आकडा अपयश वाटेल. मुंबई तेव्हा चाळीस वेळा रणजी जिंकलेला संघ. त्या मोसमात कप्तान झहीर खान, तोही डावखुरा वेगवान. बरोबर धवल कुलकर्णी, शार्दूल ठाकूर. डिसेंबरच्या त्या दिवसांत झहीर भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग आणि डर्बनच्या कसोटी खेळत होता. मुंबईच्या संघात डावखुऱ्याची जागा तेव्हाच का मोकळी झाली, याचा मी माझ्यापुरता लावलेला अंदाज हा असा. कुठे छापलेला नाही, पण तारखा जुळतात. मुंबईत माणूस वाईट असतो म्हणून बाहेर राहत नाही. ट्रेनमध्ये जागा नसते, एवढंच. चर्चगेट फास्टला दारात उभं राहून प्रवास केलेल्यांना हे कळेल.

दोन वर्षं अशी गेल्यावर २०१५ मध्ये त्यानं कॉर्नेल विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश घेतला. खेळाडूंच्या कामगिरीचं विश्लेषण करणारं 'क्रिकडीकोड' नावाचं अ‍ॅप त्यानं त्याआधी तयार केलं होतं, आणि प्रवेशासाठी त्याचा उपयोग झाला. इथे खेळायचा विचारच नव्हता. गोलंदाजीचे बूटसुद्धा बरोबर आणले नव्हते, असं त्यानं पुढे मुलाखतीत सांगितलं.

या बुटांपाशी मी अडकलो, हे कबूल करतो. मी २००३ मध्ये एम. एस. करायला आलो. मी काही मोठा खेळाडू नव्हतो. ठाण्यातल्या कॉलेजच्या संघाचा कायमचा बारावा गडी, वर्षातून दोन सामने मिळाले तर दिवाळी. पण बॅट होती, चांगली काश्मीर विलोची, रोज तेल पाजलेली. बॅगेचं वजन करताना प्रश्न आला: बॅट की प्रेशर कुकर? आईनं काही म्हटलं नाही, फक्त कुकर पुढे सरकवला. बॅट चुलतभावाला दिली. त्यानं ती इमारतीच्या गच्चीवर रबरी चेंडूनं खेळून दोन महिन्यांत फोडली. कुकर अजून आहे, शिट्टी बदलली. मित्रांना विचारलं तर प्रत्येकाकडे अशी एक वस्तू निघाली. कुणाचा तबला, कुणाची ट्रेकिंगची सॅक, एकीचे घुंगरू. आपण इकडे येताना तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा भरल्या. उरलेलं तिकडेच राहिलं.

नेत्रावळकर २०१६ मध्ये मास्टर्स संपवून सॅन फ्रान्सिस्कोला ओरॅकलमध्ये लागला आणि बे एरियात क्लब क्रिकेट खेळू लागला. आपल्याकडची मैदानं तुम्हाला ठाऊकच आहेत. बेसबॉलच्या मैदानाच्या मधोमध अंथरलेली मॅट, मिडविकेटला बॅकस्टॉपची जाळी, आणि थर्डमॅनला कुणाच्या तरी मुलीची वाढदिवसाची पार्टी. चांगल्या गोलंदाजाचं यावर भागत नाही. खऱ्या टर्फच्या खेळपट्ट्या लॉस एंजेलिसला. म्हणून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर दक्षिणेकडे निघायचं, शनिवारी तिथे पन्नास षटकांचा सामना खेळायचा, आणि परत येऊन रविवारी इकडे खेळायचं, असा त्याचा क्रम होता. फ्रीमाँटहून पाचेको पास ओलांडून आय-५ नं लॉस एंजेलिस साधारण साडेतीनशे मैल. आपण डिस्नेलँडला मुलांना घेऊन वर्षातून एकदा जातो आणि आठवडाभर पाठ धरून बसतो.

अमेरिकेत क्रिकेट देसी लोकांनी आणलं, असा आपला एक गोड गैरसमज आहे. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला, आणि कॅनडानं तो २३ धावांनी जिंकला. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची पहिली कसोटी त्यानंतर तेहतीस वर्षांनी. फिलाडेल्फियाचा बार्ट किंग हा अस्सल अमेरिकन गोलंदाज १९०८ च्या इंग्लंड दौऱ्यात तिकडच्या गोलंदाजीच्या सरासरीत पहिला आला, सरासरी ११.०१. नंतर बेसबॉलनं सगळं गिळलं. आपण आलो ते शंभर वर्षांनी जुन्या वाड्यात भाडेकरू म्हणून. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले सुशील नाडकर्णी नेत्रावळकरच्या आधी अमेरिकेच्या संघात सलामीला खेळून गेले, तेव्हा आपल्यापैकी किती जणांना पत्ता होता? मला नव्हता.

आणि आता तो नियम, ज्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नियमानुसार देशाच्या संघातून खेळायला तीनपैकी एक गोष्ट लागते. त्या देशात जन्म, त्या देशाचं नागरिकत्व, किंवा तिथे सलग तीन वर्षं वास्तव्य. तीन वर्षं! या पानावरून नजर वर करून आजूबाजूला पाहा. ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं उभे असलेले किमान चार जण तुमच्या टेबलावर बसले असतील. प्रायॉरिटी डेट हा शब्द आपल्या घरातल्या मुलांना 'तिथी' या शब्दाच्या आधी कळतो. इमिग्रेशनच्या हिशेबानं ज्याला अजून 'तात्पुरता' म्हणतात, त्याला क्रिकेटच्या हिशेबानं छातीवर अमेरिका लिहून राष्ट्रगीताला उभं राहता येतं. संघातल्या कुणाचा व्हिसा कोणता, यात मी शिरत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. मला एवढंच म्हणायचं आहे की 'हा आमचा' म्हणायला किती वर्षं लागावीत, याची दोन वेगवेगळी उत्तरं एकाच देशात नांदतात.

नेत्रावळकर जानेवारी २०१८ मध्ये वेस्ट इंडिजमधल्या 'सुपर ५०' स्पर्धेत अमेरिकेकडून खेळला आणि त्याच वर्षाअखेर ओमानमधल्या विश्व क्रिकेट लीगच्या तिसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत कप्तान झाला. इथली जुनी क्रिकेट संघटना २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेनं काढून टाकली होती, नवी २०१९ च्या जानेवारीत मान्य झाली. (तिचंही पुढे फार बरं झालं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचं सदस्यत्व निलंबित झालं. मंडळं चालवणं अवघड असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.) १५ मार्च २०१९ ला दुबईत अमिरातीविरुद्ध अमेरिकेनं पहिला अधिकृत टी-२० आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा कप्तान नेत्रावळकर. पुढच्याच महिन्यात नामिबियात अमेरिकेला एकदिवसीय दर्जा मिळाला, तेव्हाही तोच. २०२१ मध्ये कप्तानपद मोनांक पटेलकडे गेलं. हा शांतपणे गोलंदाजी करत राहिला. जुलै २०२२ मध्ये बुलावायोला सिंगापूरविरुद्ध १२ धावांत ५ बळी, टी-२० आंतरराष्ट्रीय सामन्यात पाच बळी घेणारा पहिला अमेरिकन. २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटच्या पहिल्या मोसमात वॉशिंग्टन फ्रीडमकडून सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सविरुद्ध ९ धावांत ६ बळी. म्हणजे आमच्याच गावच्या टीमला आमच्याच गावच्या माणसानं झोपवलं! आणि हे सगळं नोकरी सांभाळून. वर उकुलेले वाजवून गाणी म्हणतो ते निराळंच.

६ जून २०२४, गुरुवार. डॅलसजवळ ग्रँड प्रेअरीला टी-२० विश्वचषकात अमेरिका विरुद्ध पाकिस्तान. आपल्याकडे सकाळचे साडेआठ. माझी तेव्हा स्टँडअप असते, मी कॅमेरा बंद ठेवला. दुसऱ्या स्क्रीनवर पाहतो तो नेत्रावळकरच्या चेंडूवर रिझवानचा स्लिपमध्ये स्टीव्हन टेलरनं एका हातानं झेल घेतला. मी म्यूटवर नव्हतो. मॅनेजरनं विचारलं, "इज दॅट अ ब्लॉकर?" नेत्रावळकर ४ षटकांत १८ धावा, २ बळी. पाकिस्तान ७ बाद १५९. अमेरिकेला शेवटच्या चेंडूवर पाच हव्या होत्या, नितीश कुमारनं चौकार मारला, बरोबरी. (हा नितीश कुमार आधी कॅनडाकडून विश्वचषक खेळलेला. आमच्या जाणकारांच्या व्याख्येतला 'खरा' दोन देशांचा खेळाडू त्याच संघात होता. शिवाय न्यूझीलंडचा कोरी अँडरसनही.)

सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेच्या १८, त्यातल्या सात मोहम्मद आमिरच्या वाइडवर. पाकिस्तानला १९ हव्या. चेंडू नेत्रावळकरच्या हातात. समोरच्या संघाचा कप्तान बाबर आझम, चौदा वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये जिंकून गेलेला तोच. इफ्तिखार अहमदनं एक चौकार मारला आणि मग सीमेपाशी मिलिंद कुमारच्या हाती झेल देऊन गेला. शेवटी पाकिस्तानच्या १३. अमेरिका पाच धावांनी जिंकली. मला त्या षटकात सगळ्यात काय आवडलं असेल, तर त्याचं रनअपकडे चालत जाणं. घाई नाही. सोमवारी प्रॉडक्शनला रिलीज आहे आणि सगळ्या टेस्ट पास झाल्यात, असं.

त्यानंतरचा बुधवार, १२ जून. न्यूयॉर्कला भारताविरुद्ध. सकाळी साडेसातला ठाण्याहून बाबांचा फोन. "तू कुणाच्या बाजूनं?" मी म्हटलं, "भारताच्या, आणखी कुणाच्या?" माझा तेरा वर्षांचा मुलगा शेजारी सीरियल खात बसला होता. तो इथेच, फ्रीमाँटला जन्मलेला, इथल्या अकॅडमीत डावखुरी फिरकी टाकतो. त्यानं अमेरिकेची टोपी घातली होती आणि आजोबांना स्पीकरवर सांगितलं, "मी नाही."

अमेरिकेच्या ८ बाद ११०, अर्शदीपचे ९ धावांत ४. मग भारताची फलंदाजी, आणि पहिलं षटक नेत्रावळकरचं. विराट कोहली पहिल्याच चेंडूवर यष्टीमागे झेल देऊन शून्यावर गेला. पुढच्या षटकात रोहित शर्मा ३ वर. घरात आरडाओरडा झाला. मुलाचा तर झालाच, पण मीही ओरडलो. स्पीकरवर बाबांना ते ऐकू गेलं. ठाण्याकडून क्षणभर काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "बरं. मुंबईचाच आहे म्हणा तो."

सूर्यकुमार यादव हा मुंबईच्या वयोगटाच्या संघांत नेत्रावळकरबरोबर खेळलेला. २२ वर असताना त्याचा झेल उडाला, तो नेमका नेत्रावळकरकडेच, आणि सुटला. सूर्यकुमारनं नाबाद ५० करून सामना काढला. मध्ये अमेरिकेला षटक सुरू करायला तिसऱ्यांदा साठ सेकंदांहून जास्त वेळ लागला म्हणून पाच धावांचा दंड झाला. आमच्या मंडळाचा कार्यक्रम या नियमानं चालवला तर आपण दर दिवाळीला शतकानं हरू. भारत सात विकेटनी जिंकला. दोन दिवसांनी फ्लोरिडात आयर्लंडविरुद्धचा सामना पावसात वाहून गेला आणि अमेरिका सुपर एटमध्ये गेली. त्यामुळे २०२६ च्या विश्वचषकात थेट प्रवेशही मिळाला. आणि नेत्रावळकरची रजा वाढली.

त्या शनिवारी आमच्या टेनिस बॉल ग्रुपात नेहमीपेक्षा जास्त लोक आले. जाणकारही होते. मुलानं माझ्याकडे चेंडू दिला आणि म्हणाला, "बाबा, तू टाक, मी बॅटिंग करतो." मी तीन चेंडू टाकले. तिसऱ्याला त्यानं तो बॅकस्टॉपच्या जाळीपलीकडे, वाढदिवसाच्या केकच्या टेबलाजवळ मारला. चेंडू आणायला मलाच जावं लागलं, कारण मैदानाचा नियम आहे: ज्यानं टाकला त्यानं आणायचा.